भुंकणारा खोकला आणि हिवाळ्यातल्या सर्द्या : दीड-दोन वर्षांच्या मुलाची काळजी

संध्याकाळपर्यंत मुलाचे नाक थोडेसे गळत असते, अंग किंचित कोमट लागते, जेवताना कुरकुर होते. एवढ्यावरून कोणी घाबरत नाही आणि घाबरण्याचे कारणही नसते. मग मध्यरात्र उलटून गेल्यावर मूल दचकून उठून बसते आणि खोलीत कुत्रे शिरले की काय असे वाटावे असा कोरडा, पोकळ, भुंकल्यासारखा खोकला सुरू होतो. आवाज बसलेला असतो, रडणेही घोगरे येते आणि दोन खोकल्यांच्या मध्ये श्वास आत घेताना घशातून कर्कश, ओढल्यासारखा आवाज निघतो. वैद्यकात या आजाराला क्रूप म्हणतात. सहा महिने ते तीन वर्षे या वयात तो सर्वाधिक आढळतो, त्यातही आयुष्याच्या दुसऱ्या वर्षात. सहा वर्षांनंतर तो क्वचितच होतो.

माझ्या मुलीला तो पहिल्यांदा झाला तेव्हा ती सतरा महिन्यांची होती. घशात काही अडकले असावे या समजुतीने मी तिला मांडीवर आडवे धरले आणि चमच्याने जीभ दाबून विजेरीच्या उजेडात घसा पाहू लागलो. ती किंचाळून रडली, आणि तोपर्यंत अधूनमधून येणारा तो ओढल्यासारखा आवाज आता प्रत्येक श्वासाला येऊ लागला. मी चमचा टाकला, तिला उभे खांद्याशी घेतले, मोठा दिवा मालवला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. पाचेक मिनिटांत रडणे थांबले आणि तसतसा आवाजही विरळ होत गेला. माझी चूक का चूक होती, हे पुढे डॉक्टरांनी कागदावर श्वासनळीचे चित्र काढून सांगितले तेव्हा कळले, आणि पालकांना या आजाराविषयी काही सांगायचे झाल्यास मी आजही तिथूनच सुरुवात करतो.

आत नेमके काय होते

क्रूप हा बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. पॅराइन्फ्लुएन्झा नावाचा विषाणू, विशेषतः त्याचा पहिला प्रकार, याला सर्वांत जास्त कारणीभूत असतो. त्याखेरीज आरएसव्ही, इन्फ्लुएन्झा, ऱ्हायनोव्हायरस, अ‍ॅडिनोव्हायरस आणि कोविडचा विषाणू यांच्यामुळेही तो होऊ शकतो. हे सगळे विषाणू बहुधा नाकातून शिरतात, म्हणून आधी एक-दोन दिवस साधी सर्दी दिसते आणि नंतर स्वरयंत्र व त्याखालची श्वासनळी सुजते. श्वासनळीला आधार देणाऱ्या कूर्चेच्या कड्या मागच्या बाजूने उघड्या असतात, पण स्वरयंत्राच्या लगेच खाली असलेले कडे मात्र चहूबाजूंनी बंद असते. तेथे सूज आली की तिला बाहेरच्या बाजूने फुगायला जागा मिळत नाही. ती आतच येते आणि हवेची वाट अडवते.

लहान मुलाची ही वाट किती अरुंद असते याचा अंदाज आकड्यांवरून येतो. नळीचा व्यास 4 मिलिमीटर धरला आणि आतून सर्व बाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली, तर व्यास 2 मिलिमीटर उरतो, हवा जाण्याचे क्षेत्रफळ एक-चतुर्थांश होते आणि हवेला होणारा अवरोध सोळापट वाढतो. मोठ्या माणसाच्या नळीत तेवढीच सूज आली तर घसा बसण्यापलीकडे सहसा काही होत नाही. शिवाय लहान मुलाची श्वासनळी मऊ असते. मूल जोराने रडू लागले की ते हवा जोराने ओढते, त्या ओढीने आधीच अरुंद झालेली नळी आणखी आत खेचली जाते, श्वास कमी पडल्यामुळे मूल अधिक घाबरते आणि अधिक रडते. त्या रात्री माझ्या चमच्याने नेमके हेच चक्र सुरू केले होते.

येथे नावांचा एक गोंधळ दूर केलेला बरा. विचित्र आवाजाचा खोकला म्हटला की घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिले नाव डांग्या खोकल्याचे येते. तो वेगळा. डांग्या खोकला जिवाणूंमुळे होतो, त्यात खोकल्याच्या लागोपाठ उबळी येतात, उबळ संपताना मूल हवा ओढून घेते, अनेकदा ओकते, आणि हे आठवडेच्या आठवडे चालते. क्रूपमध्ये मात्र आवाज बसतो, खोकला भुंकल्यासारखा येतो आणि त्याचा जोर दोन-तीन रात्रींत ओसरतो. दुसरे नाव घटसर्पाचे. क्रूप हा शब्द मुळात स्कॉटलंडच्या बोलीतला असून एडिंबरोच्या फ्रान्सिस होम या डॉक्टरांनी 1765 मध्ये त्यावर लिहिले, पण पुढे बराच काळ घटसर्पालाही क्रूपच म्हटले जात असे. घशात राखाडी पडदा धरणारा तो आजार प्राणघातक होता. मुलाचे लसीकरण पूर्ण असेल तर त्याची शक्यता फार कमी उरते. म्हणून अशा मुलाला तपासताना डॉक्टर लसीकरणाचे कार्ड मागतात, ते हाताशी असावे.

त्या रात्रीची पहिली पंधरा मिनिटे

मुलाला उचलून उभे किंवा बसते धरावे, पाठ आपल्या छातीला टेकलेली असली तरी चालेल, पण आडवे करू नये. गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. आपला आवाज हळू ठेवावा आणि मूल ज्याच्याकडे सर्वांत लवकर शांत होते त्या व्यक्तीने त्याला घ्यावे. बाकीच्यांनी त्याच्याभोवती गर्दी करू नये, कारण चार घाबरलेले चेहरे पाहून मूल अधिकच बिथरते. घशात बोट, चमचा किंवा अन्य काहीही घालू नये, नाक साफ करण्याचा हट्ट त्या क्षणी धरू नये, औषध बळेच पाजू नये. मूल मागत असेल तर पाण्याचे किंवा दुधाचे लहान घोट द्यावेत. एखादे ओळखीचे गाणे किंवा रोजची गोष्ट अशा वेळी औषधाइतकी उपयोगी पडते, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते पोकळ सांत्वन वाटले होते.

वाफ देण्याविषयी बऱ्याच घरांत ठाम मत असते. पूर्वी रुग्णालयांतही क्रूपच्या मुलांना दमट हवेच्या तंबूत ठेवत असत, त्यामुळे या समजुतीत नवल नाही. परंतु पुढे झालेल्या चाचण्यांत दमट हवेचा विशेष फायदा दिसून आला नाही, आणि गरम पाण्याचे भांडे व हात-पाय झाडणारे दीड वर्षाचे मूल एकत्र आले की भाजण्याचा धोका मात्र खरा असतो. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून बसल्याने मूल शांत होत असेल तर बसावे, पण उकळत्या पाण्याचे भांडे मुलाजवळ कदापि आणू नये.

थंड हवेची गोष्ट निराळी आहे. रुग्णालयात नेता नेता गाडीतच मुलाला बरे वाटू लागले, हा अनुभव अनेक पालक सांगतात, आणि त्याला आता थोडा आधारही मिळाला आहे. जिनिव्हा येथे झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौम्य ते मध्यम क्रूप असलेली 118 मुले होती. सर्वांना नेहमीचे औषध दिल्यावर निम्म्यांना अर्धा तास बाहेर, 10 अंश सेल्सिअसपेक्षा थंड हवेत नेले आणि बाकीच्यांना आतच ठेवले. अर्ध्या तासानंतर बाहेर गेलेल्यांपैकी जास्त मुलांची लक्षणे कमी झाली होती, मात्र तासाभराने दोन्ही गटांत फरक उरला नव्हता, कारण तोपर्यंत औषधाचा परिणाम सुरू झाला होता. तेव्हा मुलाला पांघरुणात नीट गुंडाळून, तोंड मोकळे ठेवून, काही वेळ थंड हवेत उघड्या खिडकीशी किंवा अंगणात धरायला हरकत नाही. एवढ्याने सूज उतरत नाही, उसंत मिळते.

आवाजापेक्षा श्वास पाहावा

खोकला कितीही भयंकर वाटला तरी आजाराची तीव्रता खोकल्याच्या आवाजावरून ठरत नाही. ती ठरते श्वास आत घेतानाच्या आवाजावरून आणि छातीवरून. मूल रडत नसताना, शांत बसलेले असताना त्याचा सदरा वर करावा आणि पूर्ण एक मिनिट पाहावे. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मध्ये जो खळगा असतो तो प्रत्येक श्वासाला आत ओढला जातो का? बरगड्यांच्या मधली कातडी किंवा बरगड्यांखालचा भाग आत जातो का? नाकपुड्या फुलतात का? याच वेळी श्वास मोजून घ्यावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला 40 किंवा त्याहून अधिक श्वास जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार जलद समजले जातात. झोपलेल्या मुलाचे मोजणे सर्वांत सोपे जाते. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास धरावा.

मूल खेळत असताना किंवा शांत पडलेले असताना श्वासाचा तो कर्कश आवाज येत नसेल, फक्त खोकताना किंवा रडताना येत असेल, छाती आत ओढली जात नसेल आणि मूल पाणी पीत असेल, तर तो सौम्य क्रूप समजावा. अशा मुलाला रात्री घरी सांभाळता येते आणि सकाळी डॉक्टरांना दाखवता येते, मात्र घरातील एका मोठ्या माणसाने त्याच खोलीत झोपावे. शांत असतानाही आवाज येत राहिला किंवा गळ्याचा खळगा आत जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळ, मुदतीपूर्वी जन्मलेले मूल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले मूल किंवा पूर्वी क्रूपसाठी दाखल करावे लागलेले मूल असेल तर लक्षणे सौम्य वाटली तरी त्याच रात्री दाखवावे.

ओठ किंवा जीभ निळसर अथवा राखाडी दिसणे, मूल पांढरेफटक पडणे, गळून जाणे, हाकेला नीट प्रतिसाद न देणे, श्वासासाठी धडपडताना रडूही न शकणे, श्वास मध्येच थांबणे, यांपैकी काहीही दिसले तर स्वतः गाडी चालवत निघण्याऐवजी रुग्णवाहिका बोलवावी. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. अतिशय थकलेल्या मुलाचा आवाज कमी होतो, कारण हवाच कमी जात असते. आवाज कमी झाला आणि मूल ताजेतवाने होऊन खेळू लागले तर ती सुधारणा. आवाज कमी झाला आणि मूल मलूल झाले तर ती तातडीची अवस्था आहे. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजणारे यंत्र घरी असले तरी त्यावर विसंबू नये. क्रूपमध्ये ऑक्सिजन उशिरा उतरतो, त्यामुळे मूल खूप कष्टाने श्वास घेत असतानाही यंत्रावर चांगला आकडा दिसू शकतो.

काही आजार क्रूपसारखे भासतात आणि त्यांत वेळ दवडणे परवडत नाही. मुलाला खूप ताप आहे, भुंकणारा खोकला जवळजवळ नाही, लाळ गळते आहे, गिळता येत नाही आणि ते पुढे वाकून, हनुवटी बाहेर काढून बसले आहे, असे असेल तर स्वरयंत्रावरील झाकणाची सूज असू शकते. हिब या जिवाणूविरुद्धच्या लसीमुळे ती आता दुर्मीळ झाली आहे, पण संपलेली नाही. ताप व सर्दी नसताना, खाता-खेळता मुलाला एकदम ठसका लागून आवाज सुरू झाला असेल तर श्वासनळीत दाणा किंवा खेळण्याचा तुकडा अडकल्याचा संशय घ्यावा. अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील, तर ती तीव्र अ‍ॅलर्जी असू शकते. आणि क्रूपचे औषध देऊनही ताप चढतच जात असेल व मूल जास्त आजारी दिसत असेल, तर श्वासनळीत जिवाणूंचा संसर्ग झाला आहे का, हे पाहावे लागते.

निघण्यापूर्वी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करून ठेवावे, सदरा वर केलेला आणि आवाज स्पष्ट ऐकू येणारा. क्रूपचे मूल दवाखान्यात पोहोचेपर्यंत अनेकदा हसू लागते आणि डॉक्टरांपुढे पालकांना आपणच अतिशयोक्ती केली असे वाटू लागते.

दवाखान्यात काय दिले जाते

निदान बहुधा ऐकून आणि पाहूनच होते. क्ष-किरण चित्राची किंवा रक्ततपासणीची नेहमी गरज नसते, आणि सुई टोचून मुलाला रडवणे तर डॉक्टरही टाळतात. मुख्य औषध म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. मुलाच्या वजनाच्या किलोमागे 0.15 ते 0.6 मिलिग्रॅम या प्रमाणात, बहुतेक वेळा तोंडाने, एकच मात्रा पुरते. सूज उतरायला एक-दोन तासांत सुरुवात होते आणि परिणाम दीड-दोन दिवस टिकतो, म्हणजे नेमक्या वाईट रात्री त्यात निघून जातात. स्टेरॉइड हा शब्द ऐकून अनेक पालक दचकतात आणि मात्रा नाकारतात. महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडचे दुष्परिणाम आणि एका मात्रेचे परिणाम यांची गल्लत होऊ देऊ नये. सौम्य क्रूपमध्येही ही एक मात्रा पुन्हा दवाखान्यात यावे लागण्याचे प्रमाण कमी करते. मात्र गेल्या वेळचे उरलेले औषध घरी ठेवून आपल्या मनाने देणे हा त्याचा अर्थ नव्हे. मात्रा दिल्यावर मुलाने लगेच ओकारी केली तर तसे सांगावे, ती पुन्हा द्यावी लागू शकते.

त्रास अधिक असेल तर नेब्युलायझरमधून, म्हणजे औषधाचा बारीक फवारा करणाऱ्या यंत्रातून, अ‍ॅड्रिनॅलिन देतात. त्याने दहा ते तीस मिनिटांत आराम पडतो, पण हा परिणाम साधारण दोन तासांत ओसरतो आणि त्रास परत येऊ शकतो. म्हणून मूल चांगले दिसू लागले तरी काही तास तेथेच थांबवतात. पहाटेच्या वेळी झोपाळलेले मूल घेऊन बाकावर बसून राहणे कंटाळवाणे असते, तरी ते तास टाळू नयेत. क्रूप विषाणूजन्य असल्यामुळे प्रतिजैविकांचा त्यावर उपयोग नसतो, ती न मिळाल्याबद्दल तक्रार करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूल इतके ठणठणीत दिसते की रात्रीचा प्रकार स्वप्नात घडला असे वाटावे. दिवसा क्रूप मंदावतो, रात्री पुन्हा डोके वर काढतो. दुसरी रात्र पहिलीपेक्षा अवघड जाण्याची शक्यता असते, तिची तयारी दिवसाउजेडीच करावी. पालकांनी आळीपाळीने झोप घ्यावी, गाडीत इंधन आहे का पाहावे, मुलाला भरपूर पाणी पाजावे. भुंकणारा खोकला साधारण दोन दिवसांत कमी होतो, काहींना तो आठवडाभर पुरतो, आणि शेवटी तो साध्या ओल्या खोकल्यावर जातो. ताप असेपर्यंत आणि आजार सुरू झाल्यापासून तीनेक दिवस मुलाला पाळणाघरात पाठवू नये.

हिवाळाभर चालणाऱ्या सर्द्या

क्रूप एक-दोनदा येऊन जातो. सर्दी मात्र घरात ठाण मांडून बसते. दोन वर्षांच्या निरोगी मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ सर्द्या होणे स्वाभाविक आहे, आणि पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला त्याहून अधिक होतात. यांतील बहुतेक थंडीच्या महिन्यांत येतात. एक सर्दी सात ते दहा दिवस चालते आणि तिचा खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. महिन्याला एक सर्दी असा हिशेब मांडला, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मूल खोकत नाही असे दिवस फारसे उरतच नाहीत. सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत आणि मुलाच्या शरीराला त्यांच्याशी एकेक करून ओळख करून घ्यावी लागते. ‘याची प्रतिकारशक्तीच कमी आहे’ हे शेरे ऐकून पालक कष्टी होतात, पण सर्द्यांच्या संख्येवरून तो निष्कर्ष निघत नाही. दोन सर्द्यांच्या मध्ये मूल पूर्ण बरे होते का, खाते का, त्याचे वजन वाढते का, हे पाहावे.

मी एका हिवाळ्यात भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सर्दी सुरू झाली की एक टिंब आणि ताप आला की एक फुली मारायला सुरुवात केली. सतत आजारी असलेल्या मुलीला त्या चार महिन्यांत प्रत्यक्षात पाच सर्द्या झाल्या होत्या आणि तापाचे दिवस नऊ होते. डॉक्टरांपुढे ‘सारखे सारखे होते’ म्हणण्यापेक्षा ही दिनदर्शिका बरेच काही सांगते.

सर्दीवरचे खरे काम नाकाशी असते. नाक चोंदलेले मूल दूध ओढू शकत नाही, झोपू शकत नाही, आणि दोन्ही बिघडले की घरातील सगळ्यांचेच बिघडते. सलाइनचे, म्हणजे नाकात घालायच्या मिठाच्या पाण्याचे, दोन-तीन थेंब प्रत्येक नाकपुडीत घालून मिनिटभर थांबावे आणि मग रबरी फुग्याने किंवा ओढून घेण्याच्या नळीने शेंबूड हलकेच काढावा. हे जेवणापूर्वी आणि झोपण्यापूर्वी करावे, दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा अधिक नको, कारण सारखे ओढल्याने नाकाचे आतले आवरणच सुजते. फुगा आधी दाबून मग नाकपुडीशी न्यावा. नाकात गेल्यावर दाबला तर शेंबूड आत ढकलला जातो. वापर झाला की तो साबणाच्या पाण्याने आतून धुऊन पूर्ण कोरडा करावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणून प्रतिजैविक सुरू करण्याची गरज नसते, तो सर्दीचा नेहमीचा क्रम आहे. दूध कफ वाढवते म्हणून ते बंद करण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. दूध प्यायल्याने कफ जास्त तयार होत नाही, आणि आजारी मूल बाकी काही घेत नसताना त्याच्या पोटात जाणारी एकमेव गोष्ट काढून घेणे शहाणपणाचे नाही.

औषधांच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. दुकानात मिळणारी खोकल्या-सर्दीची मिश्रणे दोन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत आणि चार वर्षांपर्यंत टाळावीत. त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि गुंगी, धडधड असे त्रास होऊ शकतात. कोडीन असलेले औषध बारा वर्षांखालील मुलांना देत नाहीत. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये. कापूर असलेली मलमे दोन वर्षांखालील मुलाच्या छातीला लावू नयेत, आणि नाकात तर कोणत्याही वयात घालू नयेत. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा चमचा मध दिल्यास रात्रीचा खोकला थोडा कमी होतो, मात्र वर्षाच्या आतील बाळाला मध बोट लावण्यापुरताही देऊ नये, कारण त्यात बोट्युलिझम या विषबाधेचा धोका असतो.

तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. मात्रा वयावरून ठरवू नये, वजनावरून ठरवावी. किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत. चूक होते ती बाटली वाचताना. एका बाटलीत 5 मिलिलीटरमध्ये 120 मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत तेवढ्याच द्रवात 250 मिलिग्रॅम, आणि थेंबांच्या बाटलीत ते आणखी दाट असते. बाटली बदलली आणि ‘नेहमीचा एक चमचा’ तसाच राहिला, तर मात्रा दुप्पट होते. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नये, मापाची सिरिंज वापरावी. मूल तापात असूनही खेळत असेल तर आकडा पाहून त्याला झोपेतून उठवून औषध देण्याची गरज नाही.

सर्दीत लक्ष ठेवायचे ते अचानक बदलणाऱ्या वळणावर. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, किंवा उतरून दोन दिवस बरे गेल्यावर पुन्हा चढला. मूल कान धरून रात्री किंचाळू लागले. दहा दिवस होऊनही नाक व खोकला यांत काहीच फरक नाही. श्वास जलद झाला. सहा ते आठ तासांत लंगोट ओला झाला नाही, तोंड कोरडे पडले, रडताना डोळ्यांत पाणी नाही, अशा वेळी दाखवावे. श्वास बाहेर सोडताना शिट्टीसारखा आवाज येणे हा क्रूपचा आवाज नव्हे. क्रूपचा आवाज श्वास आत घेताना येतो. बाहेर सोडतानाची शिट्टी छातीतल्या बारीक नळ्यांतून येते आणि तिचे उपचार वेगळे असतात. फोनवर डॉक्टरांशी बोलताना एवढा एक तपशील सांगता आला तरी त्यांचे अर्धे काम होते.

सर्द्या पूर्ण टाळता येत नाहीत, कमी मात्र करता येतात. बाहेरून आल्यावर, नाक पुसल्यावर आणि जेवणापूर्वी सर्वांनीच साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. घरात, गाडीत किंवा गच्चीवरही कोणी धूम्रपान करू नये; कपड्यांवरचा धूरही मुलाच्या नाकाला पुरेसा होतो, आणि धूर हे वारंवार सर्दी, कानदुखी व श्वासाच्या त्रासाचे असे कारण आहे की ते पूर्णपणे आपल्या हाती असते. इन्फ्लुएन्झाची लस सहा महिन्यांनंतर दरवर्षी देता येते आणि पहिल्या वर्षी तिच्या दोन मात्रा चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात, त्यामुळे ती थंडी सुरू होण्यापूर्वीच घ्यावी. खोलीत आर्द्रता वाढवणारे यंत्र वापरत असाल तर थंड फवाऱ्याचे वापरावे आणि त्यातले पाणी रोज बदलावे, अन्यथा त्यात बुरशी धरते. जीवनसत्त्वांची महागडी सिरपे आणि प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या यांविषयी फार लिहिण्यासारखे काही नाही.

वर्षभरात चार किंवा अधिक वेळा कानाचा संसर्ग, दोन वेळा न्यूमोनिया, वजन न वाढणे, त्वचेवर वारंवार होणारी खोल गळवे, यांपैकी काही असेल तर प्रतिकारशक्तीची तपासणी करण्याविषयी बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. क्रूपही काही मुलांना पुन्हा पुन्हा होतो, कधी सर्दी-ताप काहीही नसताना रात्री अचानक सुरू होऊन सकाळी नाहीसा होतो. अशा मुलांत अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती किंवा जठरातले आम्ल वर येण्याचा त्रास आढळू शकतो. वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा क्रूप झाला, सहा महिन्यांच्या आत किंवा सहा वर्षांनंतर झाला, किंवा दोन आजारांच्या मधल्या काळातही श्वासाला आवाज येत राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्वासनळीची रचना तपासून घ्यावी.

आमच्या औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर मुलीचे वजन व ते केल्याची तारीख, त्या वजनाला घरातल्या त्याच बाटलीतले किती मिलिलीटर औषध द्यायचे तो आकडा, शेवटच्या लसीची तारीख, रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा पत्ता एवढेच लिहिलेले आहे. दर तीन महिन्यांनी वजन करून जुना आकडा खोडतो आणि नवा लिहितो. बाटली बदलली तर मिलिलीटरचा आकडा त्याच दिवशी बदलतो.